हातानं का डोक्यानं?

वडूजच्या स्टँडसमोर माझं फ्लेक्स छापायचं दुकान हाय. नाव जयराज, पर सगळा तालुका नाना म्हणतो, आन मागनं काय म्हणतो ते लिवण्यासारखं न्हाई. आमच्या भागात सरपंच व्हायच्या आदी भावी सरपंच व्हावं लागतं, आन भावी व्हायला माझ्याच दुकानात यावं लागतं. एकदा मी एका बोकडाचा फ्लेक्स लावला हुता. गळ्यात हार, डोळ्याला गॉगल, 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा', आन खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या सात पुढाऱ्यांची नावं. दुपारपतूर त्यातल्या चौघांचा फोन. मला वाटलं शिव्या देत्यात. तर म्हणं, "नाना, नाव टाकलं, मग फोटू का न्हाई टाकला?"

अशा गावात मी खोड्या करायच्या न्हाईत तर काय भजन करायचं?

संयोगिता माझ्या थोरल्या भावाची पोरगी. आकारामदादा फौजेत सुभेदार हुता. रिटायर झाल्यावर हातात आलं ते सगळं त्यानं पोरीला इंग्लंडला धाडण्यात घातलं. सप्लाय चेन म्हणून कायतरी शिकायला निघाली हुती. मी इचारलं, "ते काय असतं गं?"

"माल हितनं तितं कसा न्यायचा, येळेत, कमी खर्चात, ते शिकवत्यात नाना."

"आगं मग एवढ्या लांब कशाला जातीस? आपला बिराप्पा टेम्पो घेऊन रोज तेच करतोय. वर गाणी बी लावतोय."

ती खदाखदा हसली हुती. तवा लय हसायची.

एक वर्षाचा कोर्स झाला. पदवीच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून, छातीला पदकं लावून मोबाईलसमोर बसला हुता. पडद्यावर पोरगी काळा झगा घालून स्टेजवरनं चालत गेली, धा सेकंद. दादानं बसल्या जागी सॅल्यूट मारला. मग मैनाभरानं तिचा मला फोन आला, "नाना, एका वेअरहाऊसमदी लागले. सध्या खोकी भरायचं काम हाय. घरी सांगू नका, मीच सांगीन हळूहळू."

न्हाई सांगितलं. मी छापलं.

झालं असं, त्याच हप्त्यात भावकीतल्या एकाचं पोरगं तलाठी झालं. बाप माझ्याकडनंच वीस फुटी फ्लेक्स छापून घ्यायला आला आन मी कडा कापत हुतो तवा मला म्हणतो, "आमचं सरकारी बरं का नाना. कायम. तुमची पुतणी करती काय तिकडं?" मला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर त्याच्या फ्लेक्ससमोर आमचा उभा. त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. संयोगिता झग्यात, मागं घड्याळाचा मनोरा, वर इमान, आन अक्षरं अशी: 'इंग्लंड येथील आंतरराष्ट्रीय कंपनीत सप्लाय चेन मॅनेजर पदी निवड झाल्याबद्दल वडूजच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन.' तलाठ्याच्या बापाचं तोंड बगून मला दोन दिस भूक लागली न्हाई, एवढं पोट भरलं.

दादाला वाटलं खरंच. लोकं घरी पेढं मागाय यायला लागली. दादानं वाटलं.

संयोगिताचा फोन आला. "नाना, काढा तो."

"आगं गंमत हाय."

"मी खोकी उचलते नाना. हाताच्या सालट्या निघाल्यात."

"राहू दे गं. वारं सुटलं की फाटंल आपोआप."

न्हाई फाटला. मी माल चांगला वापरतो. सव्वा वरीस उभा हुता.

शिकून झाल्यावर मिळालेली व्हिसाची दोन वर्षं संपली तशी यंदा फेब्रुवारीत ती परत आली. दादा लोकांना सांगायचा, रजेवर आलीय. फौजी माणूस. घरी आलेल्या माणसाची त्याला दोनच कारणं म्हाईत, रजा न्हाईतर पेन्शन. रोज सकाळी च्या पिताना तिला इचारायचा, "रजा किती दिसाची?" म्हणून ती घरात थांबंना. दुपारी जेवली की माझ्या दुकानात यायची, मशीनपाशी स्टुलावर बसायची. फ्लेक्स छापताना मशीन इकडनं तिकडं फिरतं, त्याकडं बगत बसायची आन मधीच बोलायची. मी कायतरी फाजील बोलून हसवायला जायचो. ती हसायची न्हाई, पर थांबायची बी न्हाई.

"आमच्या वर्गात नव्वद जण हुते नाना. गोरे किती असतील?"

"ऐंशी."

"तीन. बाकी आपले, नायजेरियाचे, चीनचे. पयल्या दिवशी मी इंग्रजी पाठ करून गेले, आन शेजारी बसलेली पोरगी म्हणली, 'तू सांगलीची का साताऱ्याची?' कराडची हुती."

"मग बरं की. घरच्यासारखं."

"घरच्यासारखंच रहायचं हुतं तर मग..." म्हणून थांबली.

मग दुसऱ्या दिवशी तितनंच पुढं. लायब्ररी चोवीस तास उघडी असायची म्हणं. पोरं अभ्यासाला कमी आन ऊब घ्यायला जास्त यायची, कारण खोलीत हीटर लावला की घरमालकीण दार वाजवायची. हजेरी मोबाईलवर लावायची. चार दिस चुकली तर सरळ व्हिसावाल्यांना कळवत्यात. आन तितले सर कुणाला वाईट म्हणत न्हाईत. काय बी लिवून न्या, 'इंटरेस्टिंग' म्हणत्यात. हिला वाटायचं आपण लय भारी लिवलं. चार मैन्यांनी मार्क बगितल्यावर उमगलं, त्यांच्यात ती शिवी हाय.

"पर एक बाई हुत्या," ती म्हणली. "म्हाताऱ्या. कुरळ्या केसांच्या. माझ्या प्रबंधावर त्यांनी हातानं दोन पानं लिवून दिली. कुठं चुकलं, कुठं बरं हाय, काय वाचायचं. बालवाडीपासनं आजपतूर माझ्यासाठी कुणी दोन पानं लिवली न्हाईत नाना."

"मग चांगलंच झालं की."

"तेच तर वाईट. मला तितं शिकायला लय आवडलं. नुसतं फसवलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या."

मी मशीनची शाई बगायला उठलो.

नोकरीचं तिनं एकदाच सांगितलं. तीनशेच्या वर अर्ज केलते. प्रत्येक अर्जात एक प्रश्न: तुमाला आता का पुढं कवा कंपनीचा व्हिसा लागंल का? व्हय म्हणून खूण केली की धा मिन्टात उत्तर. तुमचा अर्ज आमी आवडीनं वाचला, पर ह्या खेपेला जमणार न्हाई. "धा मिन्टात, नाना. मग वाचला कवा?" तवर पोटासाठी वेअरहाऊस. हाताला एक यंत्र बांधत्यात, कोणतं खोकं कुठनं उचलायचं ते सांगतं आन तासाला किती उचलली ते बी मोजतं. लघवीला गेलं तरी ते चालूच असतं.

आन हितं आल्यावर? साताऱ्याच्या एमआयडीसीत जाऊन आली, कुपवाडला जाऊन आली. खरं सांगितलं तर म्हणत्यात, एवढं शिकून हमाली केली? न्हाई सांगितलं तर म्हणत्यात, अनुभव कुठाय? एका साहेबानं तर सरळ इचारलं, "वडूजच्या त्या फ्लेक्सवाल्या तुमीच ना? मॅनेजर हुता तिकडं, मग आमच्यात कशाला येताय?"

हे सांगताना तिनं माझ्याकडं बगितलं न्हाई. मी बी न्हाई.

मग सांगलीतनं राजवर्धन सरांचा फोन आला. 'गरुडपंख ओव्हरसीज' म्हणून त्यांचं आफीस. पोरांना परदेशी शिकायला धाडायचं. माझ्या फ्लेक्सचा फोटू कुणीतरी फिरवत ठिवला हुता, तो त्यांच्यापतूर पोचला. म्हणाले, "मॅडम, आमाला तुमच्यासारखाच चेहरा पायजे. आपल्या मातीतला." काम सोपं. दर रविवारी मार्गदर्शन शिबिर. स्टेजवर उभं राहून आपला अनुभव सांगायचा. तीन मैनं बगू, मग कन्फर्म करू.

गंमत बगा. सगळ्या सातारा-सांगलीत हिच्या डिग्रीला एकाच दुकानात गिऱ्हाईक मिळालं, आन ते दुकान डिग्र्या इकायचं.

ती गेली. माधवनगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या मागं एक खोली घेतली. दादानं लोकांना सांगितलं, बदली झाली.

आता माझं दुखणं सांगतो. माझी पोरगी अंकिता, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. संयोगिताचं स्टेजवरचं भाषण तिनं मोबाईलवर बगितलं आन तिच्या डोक्यात इमान बसलं. पर भ्यायली बी हुती. एक दिस म्हणायची, "जाते पप्पा." दुसऱ्या दिशी म्हणायची, "मला न्हाई जमणार, परक्या मुलखात एकटीनं." असं तळ्यात-मळ्यात चाललेलं. मला ती मळ्यात ऱ्हायला पायजे हुती. हसणारी पोरगी आमच्या घरातनं एकदा गेली हुती, आन कोण परत आलं ते मी रोज दुपारी स्टुलावर बगितलं हुतं.

मी संयोगिताला फोन केला. "तू सांग तिला. मला सांगितलं ते सगळं सांग."

"सांगितलं नाना. तिला वाटतं, मी जाऊन आले आन आता तिला आडवी येते."

"मग स्टेजवर सांग. चारचौघांत सांगितलं की पटंल."

"स्टेजवर तसं बोलले तर सोमवारी मला कामावर यायची गरज ऱ्हाणार न्हाई. पुढच्या रविवारनंतर सर ठरवणार हायत, ठिवायचं का न्हाई. हे गेलं तर मी परत दादांच्या समोर रजेवर."

तिचं पयलं वाक्य मी ऐकलं, आन फुडची ऐकली तरी ऐकली न्हाईत. कारण डोक्यात खोडी आली हुती. आन खोडी आली की मला मागचं-फुडचं दिसत न्हाई, नुसतं हसू येतं.

ठरवलं असं. शिबिरात जायचं, पर नाना म्हणून न्हाई. अडाणी शेतकरी बाप म्हणून. सगळ्यांसमोर असा प्रश्न टाकायचा की तिला पळायला वाटच ऱ्हाणार न्हाई. सर म्हणतील, मॅडमनी काय केलं, प्रश्नच तसा आला. मला वाटलं, वा रं जयराज, साप बी मरतोय आन काठी बी ऱ्हातीय.

गावातल्या धोंडीबाचं धोतर आणलं, टोपी आणली. रविवारी सकाळी अंकिताला घेऊन निघालो. ती मोटारसायकलवर मागं बसली तशी म्हणली, "पप्पा, धोतर का?"

"उकडतंय."

"पप्पा, तितं काय बी करायचं न्हाई हां. आईची शपथ."

"तुझ्या आईची का माझ्या आईची?"

"पप्पा!"

शिबिर माधवनगर रोडला एका मंगल कार्यालयात. आदल्या दिशी लग्न झालं असावं, कारण स्टेजमागं 'चि. सौ. कां.' तसंच हुतं, त्यावर गरुडाचा फ्लेक्स आडवा बांधलेला. छपाई हलकी. निळा रंग पार जांभळा झालेला. मला हात शिवशिवला. खुर्च्यांना पांढरे झगे. शंभर-दीडशे माणूस. पोरं पुढं, आयबाप मागं. पोहे, च्या. मी अंकिताला पुढं बसवली आन जाऊन मागं धोतर सावरून बसलो, शेजारी एक रिटायर मास्तर. त्यांनी इचारलं, "कुठले?" म्हणलं, "औंधाकडचा." धोंडीबा झालो.

राजवर्धन सर पंचविशीतलं पोरगं, पर सूट असा की अंगात हँगर ऱ्हायलाय. त्यांनी तीस-चाळीस देशांचे झेंडे दाखवले. मग म्हणाले, "आणि आता, वडूजसारख्या दुष्काळी भागातनं जिद्दीनं इंग्लंडला गेलेल्या आपल्या भगिनी, संयोगिता मॅडम."

ती आली. निळी साडी, छातीला बिल्ला. लायब्ररी सांगितली, चोवीस तास उघडी, हे सांगितलं, ऊब न्हाई सांगितली. कुरळ्या केसांच्या बाई सांगितल्या. नव्वद जणांचा वर्ग सांगितला, म्हणली, "जगातल्या सगळ्या देशांतली मुलं एका बाकावर." एक शब्द खोटा नव्हता. मी माझ्या दुकानात ऐकलेलं तेच हुतं, नुसतं कडंनं कापून घेतलेलं.

"कुणाला काही प्रश्न?"

दोन पोरांनी मार्कांचं इचारलं. मग मी हात वर केला. माईक आला.

"म्या धोंडीबा, औंधाकडचा," मी म्हणलं. पुढं बसलेल्या अंकितानं गर्रकन मान वळवली आन दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "माझी ल्येक हुशार हाय. मी काय शिकलो न्हाई ताई. मला तुमचं ते आंतरराष्ट्रीय काय कळत न्हाई. मला येवडंच सांगा. शिकून झाल्यावर तितं तुमी पयलं काम कसलं केलं? हातानं का डोक्यानं?"

हॉल हसला. मास्तरांनी माझ्या मांडीवर थाप मारली, "नामी इचारलं हो." राजवर्धन सरांचं हसू जागच्या जागी थिजलं.

संयोगितानं मला ओळखलं. पयल्या शब्दालाच ओळखलं असणार. तिनं टेबलावरचा ग्लास उचलला, पाणी पिली, ग्लास ठिवला. मला वाटलं, आता. सांग पोरी, सांग आता.

"हातानं," ती म्हणली.

माझं काळीज नाचाय लागलं.

"काका, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही. आज सांगते. पहिलं काम मी वेअरहाऊसमध्ये केलं. खोकी उचलली. हाताची सालटी निघाली. घरी सांगितलं नाही."

राजवर्धन सर खुर्चीतनं अर्धवट उठले.

"तेव्हा रडले. आज वाटतं, तीच माझी खरी युनिव्हर्सिटी. मी पुस्तकात सप्लाय चेन शिकले होते, खोकं उचलल्यावर ती मला कळली. काका, तुम्ही हातानं काम करता. तुमच्या मुलीला त्याची लाज वाटते का? नाही ना? मग ती तिथं कुठंच अडणार नाही. शहरातली मुलं तिथं मोडतात. आपल्या मुली मोडत नाहीत. कारण आपण ओझं उचलत मोठ्या होतो."

आदी मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. एक बाई पदर डोळ्याला लावून रडत हुती. राजवर्धन सर परत खुर्चीत बसले, मग टाळ्या वाजवत उठले. मी माईक हातात धरून तसाच उभा. एका पोरानं येऊन तो माझ्या हातातनं सोडवून घेतला.

शिबिर सुटलं तसं फॉर्मच्या टेबलावर झुंबड उडाली. मी मागच्या दारानं बाहेर गेलो, आचाऱ्याची भांडी घासून पालथी घातलेली तितं. थोड्या वेळानं ती आली.

"झाली गंमत?" तिनं इचारलं.

"मी तुझ्या भल्यासाठी, म्हंजी अंकिताच्या..."

"तुमाला खरं ऐकायचं हुतं. सांगितलं. त्यातला एक शब्द खोटा दाखवा."

"तसलं खरं नव्हं गं," मी म्हणलं. "मला सांगितलेलं खरं."

"ते आता ऱ्हायलं न्हाई नाना. आज संपलं. तेवढंच एक माझ्याजवळ हुतं, जे मी कुणाला इकलं नव्हतं." तिनं बिल्ला सरळ केला. "तुमी माईक घेतला तवा मला दोनच वाटा हुत्या. नोकरी घालवायची न्हाईतर ते बी इकायचं. तुमी इचार केलता का, मी काय करणार ते?"

"न्हाई."

"फ्लेक्स लावला तवा बी केला नव्हता. व्हिसाचं पयलं वरीस झाल्यावर मी परत येणार हुते नाना, तिकीट बगितलं हुतं. हितं कायतरी बारकं बगितलं असतं. पर स्टँडवर मी मॅनेजर हुते. पेढं वाटून झालं हुतं. मॅनेजर कसा येईल परत? वरीसभर जादा खोकी उचलली मी, तुमच्या अक्षरासाठी."

मी आयुष्यात लय लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. शिवी देताना माणूस आवाज चढवतो, मग आपल्याला बी चढवता येतो. ती हळू बोलत हुती.

तवर अंकिता पळत आली. हातात फॉर्म. मला वाटलं आता धोतरावरनं भांडंल. पर तिचे डोळे चमकत हुते.

"पप्पा, तुमी भारी इचारलं! मला तेच भ्या वाटत हुतं, तितं काय काम करावं लागंल कुणास ठाऊक. ताईनं खोकी उचलली तर मी बी उचलीन. आता मला कसलंच भ्या न्हाई." आन फॉर्म पुढं केला. "पालकाची सही पायजे."

संयोगितानं तिच्या हाताला धरलं. "अंके, ऐक. नको जाऊ."

"आत्ताच तर म्हणलीस..."

"ती माझी नोकरी हुती. ही मी हाय. तितं मोडत न्हाई म्हणले ना? मोडते. नीट बग माझ्याकडं."

अंकितानं बगितलं. माझी पोरगी हुशार हाय, ती सगळं समजली, मला दिसलं. मग तिनं हळूच इचारलं, "बरं, न्हाई जात. मग हितं काय करू, ते सांग. तू हितं येऊन काय केलंस?"

संयोगितानं अंकिताचा हात सोडला.

तेवढ्यात राजवर्धन सर आमाला हुडकत आले. सुटाची बटणं सोडलेली, तोंड फुललेलं. "मॅडम! काय बोललात! आपण उगाच झेंडे दाखवत बसतो. लोकांना हे पायजे. तेवीस फॉर्म, मॅडम, एका बॅचला. तुमचं कन्फर्म समजा." मग माझ्याकडं वळले. माझा हात दोन्ही हातांत धरला. "आणि काका, तुम्ही देवमाणूस. तुमची मुलगी कुठाय? ही का? छान. हिचं प्रोसेसिंग मी जातीनं बघतो. फक्त एक करा. दोन वाजता दुसरी बॅच आहे. जेवण आमच्याकडं. जेवा आणि थांबा. हाच प्रश्न परत विचारा. असाच. हातानं का डोक्यानं."

मी संयोगिताकडं बगितलं. एक शब्द बोललो असतो, की बाबा मी धोंडीबा न्हाई, हिचा चुलता हाय, तर सगळं तितंच उलगडलं असतं. तिची नोकरी बी उलगडली असती.

"इचारा काका," ती म्हणली. नाना न्हाई म्हणली. "तुमी न्हाई इचारला तर दुसरा कोण तरी इचारंल. तुमाला तरी कुठं थांबायचं ते म्हाईत हाय."

जेवलो. मसालेभात हुता, बरा हुता. अंकिता ताटातला भात इकडनं तिकडं करत ऱ्हायली. जेवण झाल्यावर तिनं फॉर्म परत माझ्यापुढं ठिवला. मी सही केली. नको म्हणायला मला कारण पायजे हुतं, आन सकाळपतूर माझ्याजवळ हुतं ते मी स्वतः माईकवर देऊन टाकलं हुतं.

दोन वाजता हॉल परत भरला. नवी माणसं, तेच झेंडे. ह्या खेपेला मला सरांनी मधल्या रांगेत बसवलं, सगळ्यांना दिसंल असं. "कुणाला काही प्रश्न?" मी हात वर केला. म्या धोंडीबा, औंधाकडचा. लोकं सकाळपेक्षा जास्त हसली. 'हातानं' म्हणल्यावर मी मधी जरा थांबलो हुतो ना, त्यानं.

स्टेजवर संयोगितानं पाण्याचा ग्लास उचलला. सकाळी खरंच तहान लागली हुती तिला, तेवढाच येळ ती आता बी पिली. बाजूच्या टेबलावर अंकिता वाकून फॉर्मात नाव लिवत हुती. माईक अजून माझ्याच हातात हुता. दुसरा प्रश्न इचारायला जागा हुती, येळ बी हुता.

मी माईक देऊन टाकला आन खाली बसलो.

"हातानं," ती म्हणली.